पाण्याला कान असतात

आमच्या घरात मासा म्हणजे समुद्राचा. पापलेट, सुरमई, बांगडा, महिनाअखेरीला मांदेली. रोहू-कटल्याचं नाव निघालं की आईच्या कपाळावर आठी पडायची. "चिखलाचा वास येतो मेल्याला," हा तिचा निकाल, आणि त्यावर अपील नाही. मूळचे मालवणकडचे आम्ही. गोड्या पाण्यातला मासा बंगाल्यांनी खावा, घाटावरच्यांनी आठवडी बाजारात विकावा आणि आपण नाकाला पदर लावून पुढे जावं, अशी एकंदर व्यवस्था ठरलेली. त्यामुळे आईचा सख्खा भाऊ दर रविवारी पहाटे उठून पवईच्या तलावावर रोहू-कटला धरायला जातो, ही गोष्ट आमच्याकडे साधारण दारूच्या व्यसनाइतक्याच हळू आवाजात बोलली जाई.

मामाचं म्हणणं सरळ होतं. खायचा मासा वेगळा आणि गळाचा मासा वेगळा. "बांगडा जाळ्यात येतो तो हजारांनी. त्याला तू कोण आणि तुला तो कोण? कटला येतो तो तुझ्याकडे म्हणून येतो." यावर आई आतून ओरडे, "मग त्यालाच ठेव जेवायला!" तसा एखादा कटला खरोखरच घरी आलाच, तर तो खालच्या मजल्यावरच्या बंगाली बिऱ्हाडात जाई. संध्याकाळी तिकडून वाटीभर झोल येई आणि मामा तो एकटाच, भिंतीकडे तोंड करून खाई.

कार्प हे माशांचं भलंमोठं घराणं. कटला, रोहू आणि मृगळ हे त्यातले आपल्याकडचे तीन भाऊ. डोंगरी नद्यांतला महसीरही त्यांच्याच भाऊबंदकीतला. या तिघांचं राहणं तीनमजली चाळीसारखं असतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, म्हणून तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या मजल्यावर. मृगळ तळाशी, गाळात. कुणी कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावत नाही. तळ्यात तिघांना एकत्र वाढवण्याची सगळी मत्स्यशेती या समजूतदारपणावर चालते. गळ टाकणाऱ्याला मात्र आधी ठरवावं लागतं की आज बेल कुठल्या मजल्यावर वाजवायची. मामा कणकेत शेंगदाण्याची पेंड आणि भाजलेलं बेसन मळून गोळे करी, आणि त्याच्या कणकेची चव घेऊन पाहण्याची सक्ती आम्हा भाचरांवर होती. चविष्ट असायची. आईच्या थालीपिठापेक्षा चविष्ट, हे तेव्हा बोलायची सोय नव्हती.

या घराण्याची आणखी एक खासियत आहे, आणि ती या लेखाच्या मुळाशी आहे. कार्पांना उत्तम ऐकू येतं. त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवर पाण्यातली कंपनं आदळतात आणि बारीक हाडांची एक साखळी ती थेट आतल्या कानापर्यंत पोचवते. वेबर नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८२० साली या हाडांचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जातात. मामाला वेबर ठाऊक नव्हता, पण पाणी दिसायला लागलं की तो चपला काढून हातात घेई. टाच आपटायची नाही, डबा दगडावर ठेवायचा नाही, काठी टेकवायची ती गवतावर. हे सगळं शास्त्राला धरून होतं. जमिनीतून गेलेला धक्का पाण्यात सहज उतरतो.

बोलायचीही बंदी होती, आणि ती मात्र शास्त्रात बसत नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळून बहुतेक सगळा परत फिरतो; काठावर दोघांनी हळू आवाजात गप्पा मारल्या तर कटल्याच्या जेवणात फारसा व्यत्यय येत नाही. हे मी पुढे वाचलं तेव्हा मला मामाचं दोन खोल्यांचं घर आठवलं. सात माणसं, एक रेडिओ, वरच्या मजल्यावर खलबत्ता, खाली पिठाची गिरणी. ती बोलण्याची बंदी माशासाठी नव्हतीच. मासा हे निमित्त होतं, आणि ते इतकं भक्कम निमित्त होतं की त्याविरुद्ध मामीलाही काही बोलता येत नसे.

निमित्त जुनंही आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, इ.स. ११३०च्या सुमारास, 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत कोश रचला. राज्य कसं मिळवावं, कसं राखावं, हत्ती कसे ओळखावेत, जेवावं काय, इथपासून सगळं त्यात आहे. आणि राजाच्या करमणुकींच्या भागात 'मत्स्यविनोद' असं एक स्वतंत्र प्रकरण आहे. कुठले मासे, त्यांना काय घालावं, दोरी कशाची, काठी कशी, याची व्यवस्थित चर्चा. इंग्रजांच्या आयझॅक वॉल्टनचं गळावरचं प्रसिद्ध पुस्तक आलं १६५३ साली, म्हणजे आमचा कल्याणीचा राजा पाचशे वर्षं आधी पाण्याकाठी बसलेला. मला कुतूहल आहे ते वेगळंच. राज्याची एवढी उठाठेव मागे असताना हा माणूस गळ टाकून बसायचा, तेव्हा प्रधानजींना काठापासून किती लांब उभं करीत असतील?

पण कार्पचं वेड म्हणावं ते इंग्लंडचंच. तिथला कार्प म्हणजे आपल्याकडे मासळी बाजारात ज्याला 'सायप्रिनस' म्हणतात तो: जाड ओठ, ओठाशी मिशा, आणि पोटावर सोनेरी झाक. तो तिथलाही मूळचा नव्हे. मध्ययुगात मठांच्या आणि सरदारांच्या तळ्यांत आणून सोडलेला. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठा कार्प गळाला लागत नाही अशीच तिथे समजूत होती. १९५० साली 'बीबी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या डेनिस वॉटकिन्स-पिचफर्ड याचं कार्पवाल्याच्या कबुलीजबाबांचं पुस्तक आलं, आणि वडाची सावली असावी तशी सावली पडलेल्या जुन्या तळ्यांकाठी रात्रभर बसणाऱ्या काही विक्षिप्तांना एकमेकांचा पत्ता लागला. त्यातलाच रिचर्ड वॉकर. १९५२च्या सप्टेंबरात हेरफर्डशरमधल्या रेडमायर या जेमतेम तीन एकरांच्या तळ्यात त्याने रात्री ४४ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ वीस किलोंचा कार्प धरला. आपल्याकडे पुढचा प्रश्न 'किती तुकडे पडले?' असा आला असता. वॉकरने लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला कळवलं, तिथली माणसं येऊन मासा घेऊन गेली, आणि 'क्लॅरिसा' या नावाने तो १९७१पर्यंत काचेआड राहिला. त्याच तळ्यात १९८० साली ख्रिस येट्सने साडेएक्कावन्न पौंडांचा कार्प धरून वॉकरचा विक्रम मोडला. एवढंसं डबकं, आणि अठ्ठावीस वर्षं ताटकळलेला विक्रम!

या मधल्या काळात सगळं भराभर बदललं. पूर्वी आमिष म्हणजे पाव आणि उकडलेला बटाटा. मग पिठात अंडी फोडून, गोळ्या वळून, त्या उकळून काढायची रीत आली. त्यांना वरून टणक साल येते, त्यामुळे बारीक मासे त्या टोचून संपवत नाहीत आणि मोठ्यासाठी त्या तळाशी टिकतात. आज या गोळ्या स्ट्रॉबेरीपासून बोंबलापर्यंत, निदान बोंबलासारख्या वासाच्या, अशा सगळ्या प्रकारांत पाकीटबंद मिळतात. नंतर लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या दोघांनी आमिष गळात खुपसण्याऐवजी गळाबाहेर एका केसाला लोंबकळत ठेवायची युक्ती काढली. मासा गोळी आत ओढतो, संशय आला की थुंकतो, आणि थुंकतानाच उघडा गळ ओठाला लागतो. पहिल्या प्रयोगांत खरोखरचा केस वापरला होता. तो एका प्रेयसीच्या डोक्यावरचा होता असं सांगतात. प्रेमाचा इतका व्यवहारी उपयोग फक्त गळवालाच करू जाणे.

आणि मग आवाज आला. दोरी हलली की टीं-टीं करणारी यंत्रं. त्यातही गंमत अशी की मासा लागल्याची वर्दी देणारं विजेरीवरचं यंत्र प्रचारात आणण्यात रात्रभर शांत बसणाऱ्या त्या वॉकरचाच मोठा हात. यंत्रामुळे माणसाला तंबूत निवांत झोपता येऊ लागलं. झोपता आलं तर आठवडाभर राहता येतं. आठवडाभर राहायचं तर खाट, स्टोव्ह, छोटा टीव्ही हवा. आणि आमिष टाकायला दूरनियंत्रणावर चालणारी होडी. तळ्यांचे मालक तिकिटं लावू लागले, मासे विकत आणून सोडू लागले, आणि धरलेला मासा फोटो काढून परत सोडायचा हा नियम झाला. इथपर्यंत उत्तम. पण त्यामुळे मासे ओळखीचे झाले. ब्लूबेल नावाच्या तळ्यांत 'बेन्सन' नावाची एक मादी होती. पाठीच्या पंखाला सिगारेटने जाळल्यासारखं भोक होतं, म्हणून ते नाव. तिच्या जोडीला 'हेजेस'ही होता. चौसष्ट पौंडांची ही बाई साठाहून अधिक वेळा धरली गेली, आणि २००९ साली वारली तेव्हा वर्तमानपत्रांतून मृत्युलेख आले. साठ वेळा त्याच गळाला लागणाऱ्या व्यक्तीला आपल्याकडे मतदार म्हणतात.

आपल्याकडचा बदल आमिषापेक्षा बीजातून आला. कटला-रोहू हे मुळात उत्तरेकडचे, गंगेच्या खोऱ्यातले. पावसाळ्याच्या पुरात, वाहत्या पाण्यात अंडी घालायची हा त्यांचा हट्ट. साचलेल्या तळ्यात ते वाढतात, पण प्रजा वाढवत नाहीत. म्हणून बीज नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे हिरालाल चौधरी यांनी माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. आजही तो दिवस राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. त्यानंतर मत्स्यजिरे आणि मत्स्यबोटुकली प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून गावोगाव निघाली. देशात सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात. प्रत्येक धरणामागे एक नवं तळं, आणि त्या तळ्यात ट्रकमधून आलेले कटला-रोहू. सायप्रिनसही नीलगिरीत १९३९ साली येऊन पोचलेलाच होता. तो तळाची माती उकरत खातो आणि पाणी गढूळ करतो. पुढे आफ्रिकेतली चिलापी आली, आणि उजनीच्या काठावर भिगवणला तर आता तिच्या नावावर खानावळी चालतात. आईच्या 'चिखलाच्या वासा'ला एवढं मोठं राष्ट्रीय धोरण जबाबदार असेल, याची तिला कल्पना नव्हती.

म्हणजे मासा वाढला. पाणीही वाढलं. मग कमी काय झालं?

पवईचंच बघा. १८९१ साली मुंबईच्या तहानेसाठी बांधलेला हा तलाव. पुढे त्याचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, म्हणून तो माशांच्या आणि मामासारख्यांच्या वाट्याला आला. एका बाजूला टेकड्या, नंतर आयआयटी आली तीही तशी अबोलच. आज तिन्ही बाजूंनी उंच इमारती, पुढून अखंड वाहणारा रस्ता, पाण्यावर जलपर्णीची सतरंजी, आणि अधूनमधून डोकं वर काढणारी मगर. हौशी गळवाल्यांची संस्था तिथे आहे, बिचारे तलावासाठी धडपडतातही. पण मामाला मी शेवटचा तिथे घेऊन गेलो तेव्हा त्याने दहा मिनिटं रहदारी ऐकली आणि म्हणाला, "मासे बहिरे झाले असतील रे." मगरीबद्दल त्याची तक्रार नव्हती. मगर गप्प असते.

मुळशी, पवना, पानशेत या धरणांच्या नावांनी एकेकाळी छातीत थंडावा पडायचा. आता शनिवारी दुपारपासून पवनेच्या काठी तंबूंची वसाहत उभी राहते, प्रत्येक तंबूला आपापला स्पीकर असतो, आणि पहाटे पाचला, मासा चरायला निघण्याच्या नेमक्या वेळी, कुणीतरी लग्नाआधीच्या फोटोंसाठी ड्रोन उडवतं. मी त्या मुलांवर चिडत नाही. तीही आवाजातून सुटायलाच आलेली असतात, फक्त सुटताना सोबत घेऊन येतात. गळवाल्यांची नवी पिढीही तशीच दिलदार. मासा कुठे आहे ते मोबाइलवर दाखवणारा सोनारचा गोळा पाण्यात सोडतात, विलायती केसाची युक्ती आणि स्ट्रॉबेरीच्या गोळ्या घरपोच मागवतात, आणि मासा वर येताच आधी व्हिडिओ, मग जागेचा नकाशा सगळ्यांना. पुढच्या रविवारी त्या जागी उभं राहायला जागा नसते. पूर्वीचे गळवाले माशाच्या वजनाबद्दल खोटं बोलत आणि जागेबद्दलही. वजनाचं खोटं निरुपद्रवी होतं, पण जागेच्या खोटेपणाने निम्मे डोह वाचवले असं माझं प्रामाणिक मत आहे.

देवाचे डोह अजून आहेत. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वराचा, महाडकडे काळ नदीवर वाळण कोंड. तिथले महसीर देवाचे म्हणून कुणी धरत नाही, आणि म्हणूनच ते उरले आहेत. तिथे हात जोडावेत, चुरमुरे टाकावेत आणि गळाची पिशवी गाडीतच ठेवावी.

मग उरलं काय? माझं उत्तर ऐकून मित्र हसतात. पाझर तलाव. १९७२च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर माणसांनी घमेली वाहून हे मातीचे बांध घातले. उद्देश पाणी जमिनीत मुरवून खालच्या विहिरी जगवण्याचा. देखावा करण्याचा नाही, आणि ते दिसतातही तसेच. एका अंगाला दगडाचं पिचिंग, दुसऱ्या अंगाला बाभळी, मध्ये चहाच्या रंगाचं पाणी, काठावर म्हशींचे खूर आणि लाल धुळीत शेळ्यांच्या लेंड्या. सूर्यास्त तिथेही होतो, पण फोटोत येण्यासारखा नाही. नकाशावर या तलावांना नाव नसतं, चांदण्या नसतात, रिसॉर्ट नसतं. आणि म्हणून तिथे अजून कुणी येत नाही. सौंदर्याने आपल्या सगळ्या धरणांचं वाटोळं केलं. कुरूपतेने या तलावांना राखलं.

यात मोठा मासा नसतो, हे आधीच सांगतो. पावसानंतर ग्रामपंचायतीकडून ठेका घेतलेला माणूस किंवा मच्छीमार संस्था बोटुकली सोडते, आणि उन्हाळ्यात पाणी आटायला लागलं की जाळं ओढते. मधल्या काही महिन्यांत कटला वाढून वाढणार किती! किलोभराचा लागला तर दिवाळी. इंग्लंडातला बेन्सनवाला अशा माशाला आमिष समजेल. पण तरंग्यावर, मी अजूनही मोरपिसाचाच वापरतो, नजर ठेवून बसावं तर दुपारभर फक्त बांधावरून जाणाऱ्या मेंढरांचा आवाज, एखादा धीवर, आणि पलीकडे कुणाच्या तरी मोटारीची धकधक. वीज आली की ती सुरू होते, गेली की थांबते. त्या थांबण्याची मी वाट पाहतो, महावितरणचं त्याबद्दल कौतुक करणारा बहुधा मी एकटाच.

अशाच एका तलावावर राखणीला असलेले म्हातारे भोई आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या रिळाकडे, खुर्चीकडे आणि टोपीकडे बराच वेळ पाहिलं.

"साहेब, कुठनं आला?"

"पुण्याहून."

"एवढ्या लांबनं? ह्या माशापायी?"

"होय, काका."

"बाजारात दीडशे रुपये किलोनं भेटतो की." मग माझी दया येऊन म्हणाले, "का घरी काय कटकट हाय?"

मी काही बोललो नाही. त्यांनी मान हलवली, चपला काढल्या, त्या हातात घेतल्या आणि बांधावरून अनवाणी, टाच न आपटता, पलीकडच्या बाजूला जाऊन बसले. वेबर त्यांनाही ठाऊक नसावा. दिवसभरात त्यांनी पुन्हा एक शब्द काढला नाही, आणि संध्याकाळी मी ठेक्याचे पैसे द्यायला गेलो तेव्हा माझी रिकामी पिशवी बघून निम्मेच घेतले.

तलाव कुठला, हे विचारू नका. वर सांगितलेल्या परंपरेला जागून मी खोटंच सांगेन. तुमच्या तालुक्यातही असे दोन-चार सापडतील. जायचं तर मंगळवार-बुधवार धरा, ठेकेदाराला किंवा संस्थेला विचारून, पैसे देऊन बसा, पाण्यावर जाताना फोन बंद ठेवा आणि दोरीचे तुकडे खिशात घालून परत आणा, ते बगळ्यांच्या पायात अडकतात. आणि मासा लागलाच, तर वजन हवं तेवढं वाढवून सांगा. गाव मात्र चुकीचं सांगा.